नाव ठेवणे आणि नाव घेणे

मराठीत नावाभोवती पुष्कळ वाक्प्रचार जमले आहेत. बारशाच्या दिवशी आपण मुलाचे नाव ठेवतो. तोच मुलगा मोठा झाला की शेजारी त्याला नावे ठेवू लागतात. केवळ एका मात्रेने अर्थ उलटा होतो. कर्तबगार मुलगा घराण्याचे नाव काढतो, उडाणटप्पू मुलगा ते घालवतो. या सर्व प्रसंगांत मूळ नाव मात्र दुसऱ्या कोणी तरी दिलेले असते. पाळण्यातले नाव, आडनाव, जात, गाव यांपैकी काहीही आपण निवडलेले नसते. पुढे सरकारी कागदपत्रांतही आपल्याला नावे पडत जातात. ‘शाळाबाह्य’ हा शब्दच घ्या. ज्यांच्यासाठी तो वापरला जातो, त्यांच्यापैकी कोणीही तो स्वतःहून मागून घेतलेला नसतो.

मग एक वय असे येते, की आपले नाव आपणच घ्यावे असे माणसाला वाटू लागते. साधारण पंधरा ते पंचवीस वर्षांचे हे वय. ‘मी अमक्या नटाचा चाहता’, ‘मी मेटलवाला’, ‘मी रॅपर’ अशी ओळख तो सांगू लागतो. तिच्याबरोबर कपडे बदलतात, केस बदलतात, बोलण्यात काही ठरावीक शब्द येतात. वडीलधाऱ्यांना हे खूळ वाटते. ते खूळ असेलही. परंतु त्यामागे काय चालले आहे, हे समजून घेण्यासारखे आहे.

मोठ्या समाजाच्या पोटात राहूनच एखादा गट आपला पोशाख, आपली बोली, आपले संगीत, मानापमानाच्या आपल्या कल्पना वेगळ्या करतो. अशा गटाच्या जीवनरीतीला समाजशास्त्रात ‘उपसंस्कृती’ म्हणतात. डिक हेब्डिज या ब्रिटिश अभ्यासकाने १९७९ साली या विषयावर एक पुस्तक लिहिले. त्यात त्याने साध्यासुध्या वस्तूंना अशा गटांत नवा अर्थ कसा येतो, ते दाखवले आहे. आपल्याकडे साडीच्या पदराला लावतात ती सेफ्टी पिन इंग्लंडमधील पंक तरुणांनी अंगावर दागिन्यासारखी मिरवली, आणि ती पाहून सभ्य माणसे अस्वस्थ झाली. वस्तू तीच होती. ती कोणी आणि कुठे लावली, एवढाच फरक होता.

हे सर्व दूरदेशीचे आहे असे समजण्याचे कारण नाही. आपण बंगळूर शहरातील यशवंतपूर या भागात जाऊ. हुबळी, बेळगाव, मिरज या मार्गाने पुण्याकडे येणाऱ्या काही गाड्या येथून सुटतात, त्यामुळे मराठी प्रवाशांना हे नाव परिचयाचे आहे. रेल्वेचे मोठे जंक्शन, कांदाबटाट्याची घाऊक बाजारपेठ, जवळच चंदनी साबणाचा जुना सरकारी कारखाना आणि पलीकडे पीण्याची औद्योगिक वसाहत, असा हा कष्टकऱ्यांचा परिसर आहे. येथे कन्नडबरोबर तमिळ, तेलुगू, उर्दू आणि हिंदीही कानावर पडते. मराठीही पडते, शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली तेव्हापासून या शहरात मराठी कुटुंबे नांदत आहेत.

समजा, अशाच एका कुटुंबातील मुलगा यशवंतपुरात वाढतो आहे. घरात मराठी, गल्लीत कन्नड, कामाच्या ठिकाणी हिंदी. घरी आलेले पाहुणे म्हणतात, “हा आता अगदी कानडी झाला.” गल्लीतील मुले म्हणतात, “हा मराठी.” दोन्हीकडून मिळालेली ही नावे खोटी नाहीत, परंतु दोन्ही त्याला किंचित बाहेर उभी करतात. या मुलाने मित्रांबरोबर पहिल्या दिवशी पहिला खेळ पाहिला, पडद्यावर नायक येताच शिट्टी वाजवली आणि ‘मी अप्पूचा अभिमानी’ असे म्हटले, की गल्लीत त्याला जागा मिळते. हे नाव घ्यायला जन्माचा दाखला लागत नाही.

‘अभिमानी’ हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. मराठीत अभिमानी म्हणजे ताठ मानेचा, क्वचित गर्विष्ठ. कन्नडमध्ये मात्र अभिमानी म्हणजे चाहता. संस्कृतातून आलेला एकच शब्द दोन शेजारी भाषांत असा वेगळा वाढला. कन्नड चित्रपटसृष्टीचे सर्वांत मोठे नट डॉ. राजकुमार आपल्या प्रेक्षकांना ‘अभिमानी देवरु’, म्हणजे चाहतेरूपी देव, असे संबोधत. नट देव आणि प्रेक्षक भक्त, ही नेहमीची मांडणी त्यांनी उलटी केली. गिरणीत, गॅरेजात, हमालीत दिवस घालवणाऱ्या तरुणाला कोणीतरी देव म्हटले, याचे मोल त्यालाच ठाऊक. मराठी घरात जन्मलेले आणि बंगळूरच्या बसमध्ये वाहकाची नोकरी केलेले शिवाजीराव गायकवाड, म्हणजेच पुढचे रजनीकांत, हेही तरुणपणी राजकुमारांचे चाहते होते.

राजकुमारांनी दोनशेहून अधिक चित्रपटांत काम केले. १९८२ मध्ये गोकाक समितीच्या शिफारशींनुसार शाळांत कन्नडला पहिले स्थान मिळावे यासाठी आंदोलन झाले, त्यात ते उतरले. त्यानंतर ‘अभिमानी’ या नावाचा अर्थ रुंदावला. नटाचा चाहता तो भाषेचाही कैवारी झाला. सीमाभागातील मराठी वाचकांच्या मनात या आंदोलनाची आठवण निराळ्या रंगाची असेल, आणि ते स्वाभाविक आहे. एका गटाला आधार देणारे नाव दुसऱ्या गटाला धाक वाटू शकते.

१२ एप्रिल २००६ रोजी राजकुमारांचे निधन झाले. यशवंतपूरजवळच्या कंठीरव स्टुडिओत दुसऱ्या दिवशी त्यांचा दफनविधी झाला. या दोन दिवसांत शहरात जनसागर लोटला. अंत्यदर्शन न झाल्याने जमाव बिथरला, दगडफेक झाली, वाहने जळली. एका पोलिसासह काही जणांना प्राण गमवावे लागले. ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु त्यानंतर जे झाले तेही पाहिले पाहिजे. लाखो माणसे रडत उभी होती, त्यांतील थोड्यांनी दंगा केला. आणि ‘अभिमानी’ म्हणवणाऱ्या सर्वच तरुणांवर ‘रावडी’ हा शिक्का बसला. दगड हातात न घेतलेला तरुणही नोकरी मागायला गेला तर हातावर गोंदलेले नाव बाहीखाली लपवू लागला असेल, तर नवल नाही.

स्वतः घेतलेले नाव आणि इतरांनी मारलेला शिक्का यांची गुंतागुंत इंग्लंडमध्येही दिसली आहे. १९६४ च्या ईस्टरच्या सुट्टीत क्लॅक्टन या समुद्रकाठच्या गावी तरुणांमध्ये किरकोळ हाणामाऱ्या झाल्या. वृत्तपत्रांनी त्यांना युद्धाचे रूप दिले. एक बाजू ‘मॉड’, दुसरी ‘रॉकर’. स्टॅन्ली कोहेन यांनी १९७२ मधील आपल्या पुस्तकात या प्रकरणाचा माग काढला. आधी या दोन गटांतील सीमा फारशी कडक नव्हती. बातम्यांनी ती कडक केली. वाचलेल्या वर्णनाप्रमाणे वागणे हेच मग गटात असण्याची खूण ठरली. म्हणजे शिक्का मारणारा केवळ वर्णन करत नाही, तर कधीकधी ज्याचे वर्णन करतो तेच घडवतो. घरात सतत ‘वाया गेला’ असे ऐकणारा मुलगा एक दिवस खरोखर वाया जाऊन दाखवतो, हे आपल्याकडील जाणत्या आजीलाही ठाऊक असते. तिने त्यावर पुस्तक लिहिले नाही इतकेच.

राजकुमारांच्या अंत्ययात्रेला वर्ष होण्याआधीच बंगळूरमध्ये आणखी एक गर्दी जमली. १७ मार्च २००७ रोजी राजवाड्याच्या मैदानावर ‘आयर्न मेडन’ या इंग्रजी वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. हे मैदान यशवंतपूरपासून फार लांब नाही. काळे सदरे घातलेले हजारो तरुण तेथे आले. मुंबई, पुणे, ईशान्य भारत, चेन्नई येथून रात्रभर रेल्वेने आलेली मुले त्यांत होती. वर्षानुवर्षे कॅसेटी आणि नक्कल केलेल्या सीड्या ऐकून ज्यांनी स्वतःला ‘मेटलहेड’ म्हटले होते, त्यांच्यापैकी अनेकांना आपल्यासारखे इतके जण आहेत, हे त्या संध्याकाळी प्रथमच कळले. आपल्या गावात विक्षिप्त ठरलेला एकटा मुलगा तेथे बहुसंख्याकांतील एक होता.

या संगीताचा उगम पाहिला तर यशवंतपूर आणि पीण्याच्या कामगार मुलांना तो परका वाटू नये. ‘हेवी मेटल’ची सुरुवात ज्या ‘ब्लॅक सबाथ’पासून मानतात, तो वाद्यवृंद बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातला. त्याचा गिटारवादक टोनी आयोमी तरुणपणी पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. तेथील यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात तोच. त्याने बोटांना टोपणे बसवली, तारा सैल केल्या आणि वाजवत राहिला. त्यातून एक जड, खोल नाद निघाला. १९७० मध्ये त्यांचा पहिला संग्रह आला. पुढे या संगीताच्या चाहत्यांत तर्जनी आणि करंगळी उभी करून हात उंचावण्याची खूण रूढ झाली. ती लोकप्रिय करणारा गायक रॉनी जेम्स डिओ इटालियन वंशाचा. ही खूण आपण आजीकडून घेतली, ती वाईट नजर टाळण्यासाठी तसा हात करी, असे तो सांगत असे. आपल्या आज्या मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढतात, त्यातलाच हा प्रकार. सैतानी म्हणून ज्या खुणेची धास्ती घेतली गेली, तिचे मूळ आजीच्या मायेत निघावे, ही गंमत आहे.

तरीही बंगळूरच्या या दोन गर्दींत फरक होता. काळ्या सदऱ्याच्या गर्दीत शिरायला तिकिटाचे पैसे हवे होते आणि थोडेफार इंग्रजीही. अभिमानी तरुणाला यांतले काही लागत नव्हते. शहराने या दोघांना वेगवेगळ्या शब्दांनी नावे ठेवली. एकाला ‘बिघडलेला’ म्हटले, दुसऱ्याला ‘गुंड’. बिघडलेल्याची मजल घरच्या बोलण्यांपर्यंत जाते, गुंडाची पोलीस ठाण्यापर्यंत. नाव घेण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर याने १९६३ मध्ये शिक्के आणि त्यांचे परिणाम यांवर महत्त्वाचे पुस्तक लिहिले. बेकर स्वतः जॅझ पियानो वाजवत असे, म्हणून त्याने वादकांचा गट आतून पाहिला होता. ज्यांना समाज बाहेरचे समजतो ते वादकही श्रोत्यांना बाहेरचे समजतात, त्यांच्यासाठी तुच्छतेचा एक शब्द वापरतात, हे त्याने नोंदवले. मेटलवाल्यांतही असा शब्द आहे: ‘पोझर’, म्हणजे सोंग आणणारा. नुसता काळा सदरा घालून आलेल्या मुलाला कोणीतरी विचारतो, “यांची कोणतीही पाच गाणी सांग बघू.” मुलगी असेल तर हा प्रश्न हमखास येतो. घरच्यांच्या नावे ठेवण्याला कंटाळून जो येथे आला, तोच येथे उंबऱ्यावर बसून इतरांना नावे ठेवू लागतो. माझ्या मते या गटांची सर्वांत केविलवाणी बाजू हीच आहे.

पण ‘पोझर’च्या मागे एक रास्त प्रश्नही दडलेला आहे: घेतलेले नाव माणसाकडून काही मागते की नाही? आपल्याकडे माळकऱ्याचे उदाहरण आहे. गळ्यात तुळशीची माळ घातली की मांस-मद्य वर्ज्य, एकादशी आली, पंढरीची वारी आली. माळ घालून जो हे पाळत नाही त्याला लोक हसतात, आणि त्या हसण्यात न्याय आहे. काळा सदरा मात्र बाजारात कोणालाही विकत मिळतो. जे नाव केवळ विकत घेता येते ते हलके असते. परंतु जे घेण्यासाठी फार मोठी परीक्षा लागते ते थोड्यांचेच राहते. तरुणांचे गट या दोहोंच्या मध्ये कोठेतरी घुटमळत असतात.

नाव घेणे केवळ पोशाखापुरते न राहता सगळ्या समाजापुढचे आव्हान बनते, याचे सर्वांत ठळक उदाहरण मराठी मुलखातच आहे. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदी तरुण कवी-लेखकांनी ‘दलित पँथर’ची स्थापना केली. वस्त्यांत आणि वसतिगृहांत वाढलेली ही मुले. त्यांच्या पूर्वजांना गावाने जी नावे दिली होती, ती उच्चारताच अपमान होत असे. अमेरिकेत १९६६ मध्ये ओकलंड येथे कृष्णवर्णीय तरुणांनी ‘ब्लॅक पँथर’ ही संघटना काढली होती. त्या नावावरून या तरुणांनी आपले नाव घेतले. ही चळवळ होती, निव्वळ उपसंस्कृती नव्हे. तिच्या मागण्या होत्या, मोर्चे होते, आणि तिचे कार्यकर्ते तुरुंगातही गेले. परंतु तिच्यात एक नवी भाषा होती, एक ऐट होती, आणि ‘मी पँथर’ असे म्हणताना ताठ होणारी मान होती. येथे मराठीतला अभिमानी आणि कन्नडमधला अभिमानी एकत्र आले असे म्हणता येईल. १९७३ च्या जाहीरनाम्यात तर या तरुणांनी ‘दलित’ या शब्दाची व्याप्ती वाढवून त्यात भूमिहीन, कामगार आणि स्त्रिया यांनाही सामावून घेतले. उंबऱ्यावर बसून पाच गाणी विचारण्याच्या अगदी उलट अशी ही कृती होती. संघटनेत पुढे १९७४ मध्येच फूट पडली. आपापसांतील वादांत खरा कोण आणि खोटा कोण हाच सवाल होता. मात्र संघटना विस्कटल्यावरही नाव टिकले. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या कार्यकर्त्याची ओळख करून देताना लोक ‘हे पँथर’ असे म्हणतात, तेव्हा त्यात वयाचा हिशेब नसतो.

तरुणपणी घेतलेली सगळीच नावे इतकी टिकत नाहीत, आणि टिकलीच पाहिजेत असेही नाही. राजवाड्याच्या मैदानावरील त्या मुलांपैकी बरेच जण आता चाळिशीला आले आहेत. काहींचा सदरा कपाटाच्या तळाशी गेला. काही जण अजून तो घालतात. ५ जुलै २०२५ रोजी ‘ब्लॅक सबाथ’चा अखेरचा कार्यक्रम बर्मिंगहॅमला झाला, तेव्हा नातवंडे असलेली माणसे काळ्या कपड्यांत आली होती. ज्या नावातून बाहेर पडताना मारहाण, बहिष्कार किंवा बदनामीची भीती वाटते, त्याविषयी सावध असावे. सदरा काढून ठेवता आला, मित्र मित्रच राहिले, तर घेतलेले नाव जाचक नव्हते असे समजावे.

कंठीरव स्टुडिओत आणखी एकदा शोकाकुल गर्दी झाली. राजकुमारांचे धाकटे पुत्र, चाहत्यांचे ‘अप्पू’, पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ रोजी हृदयविकाराने अचानक गेले. त्यांचे वय अवघे ४६ वर्षांचे होते. पुन्हा लाखो माणसे रस्त्यावर आली. पंधरा वर्षांपूर्वीच्या आठवणीने प्रशासन धास्तावले होते. परंतु तसा हिंसाचार या वेळी झाला नाही. शोकाच्या भरात काही चाहत्यांनी जीव गमावल्याच्या बातम्या मात्र आल्या. नावाने माणसाकडून मागावे त्यापेक्षा हे कितीतरी अधिक होते. कोणत्याही नटाने ते मागितलेले नसते.

राजकुमारांप्रमाणेच पुनीत यांचेही मरणोत्तर नेत्रदान झाले. बंगळूरमधील नारायण नेत्रालयाने त्यांच्या दोन नेत्रपटलांचे पुढचे आणि मागचे थर वेगळे करून ते चार जणांना बसवले. एरवी दोघांना दृष्टी मिळाली असती, येथे चौघांना मिळाली. ही बातमी पसरली आणि नेत्रदानाचा संकल्प करण्यासाठी चाहत्यांची रीघ लागली. मनगटावर अप्पूचे नाव गोंदलेले तरुण अर्ज भरू लागले; घरात मृत्यू झाला तर नेत्रपेढीला तातडीने कळवावे, डोळे काही तासांच्या आतच काढावे लागतात, ही माहिती गल्लोगल्ली पोचली. १७ मार्च हा पुनीत यांचा जन्मदिवस. २००७ मध्ये राजवाड्याच्या मैदानावर काळे सदरे जमले तीच तारीख. दर वर्षी त्या दिवशी यशवंतपूरजवळच्या त्या समाधीपुढे रांग लागते. चाहते अन्नदान करतात, ठिकठिकाणी रक्तदानाची शिबिरे भरवतात, आणि रक्त देऊन दंडावर कापूस दाबून उभ्या असलेल्या मुलाला कोणी विचारले, की तू कोण, तर तो आपले नाव न सांगता म्हणतो, “अप्पू अभिमानी.”